पाहुणा की ऑर्डर क्रमांक?

नगर-पुणे मार्गावरील एका फास्ट फूडच्या दुकानात मध्यंतरी पाहिलेला प्रसंग. धोतर-टोपीतील एक वृद्ध गृहस्थ गल्ल्यापाशी उभे होते. हातात पन्नासची नोट, मागणी एका चहाची. गणवेशातील तरुणाने हसतमुखाने 'वेलकम सर' म्हटले आणि शेजारच्या पडद्याकडे बोट दाखविले. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी. मागणी नोंदवायची तर आधी मोबाईल क्रमांक हवा, आणि आजोबांजवळ मोबाईलच नव्हता. अखेर रांगेतील एका मुलीने आपला क्रमांक देऊन त्यांचा चहा मागविला.

तो तरुण उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. शिकविलेले त्याने चोख केले. दोष त्या शिकवणीत आहे.

१९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आले, तेव्हा अनेकांनी त्याकडे संशयाने पाहिले. तो सगळाच अनाठायी नव्हता. तथापि दर्शनी भागात लावलेले दर, स्वच्छ प्रसाधनगृह आणि येणारा कोणीही असो, त्याला तोच पदार्थ त्याच किमतीत, या सवयी अशा साखळ्यांनी रुजविल्या, हे मान्य करायलाच हवे. जुन्या हॉटेलांचे गोडवे गाताना टेबलावरून फिरणारे ओले फडके आणि कपबशा विसळणारा दहा वर्षांचा पोऱ्या आपण सोयीस्करपणे विसरतो. हॉटेल-ढाब्यांवर बालकामगार ठेवण्यास बंदी आली तीही १० ऑक्टोबर २००६ रोजी.

मात्र त्या जुन्या हॉटेलात रस्सा पुन्हा मागता येई, तिखट कमी करा म्हणता येई आणि पदार्थ बिघडला तर मालकाला तोंडावर सुनावता येई. आता सेवेचे माप म्हणजे लागलेली मिनिटे आणि फोनवर मागाहून येणारे 'आम्हाला किती तारे द्याल?' हे विचारणे. तक्रार ऐकणारा माणूसच समोर नसेल, तर तारे देऊन काय साधणार?

गर्दीमुळे नाइलाज आहे, असे सांगितले जाते. ज्यांना ते पटते त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील शिर्डीला जावे. तेथील साई संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून सौर तबकड्यांच्या वाफेवर रांधले जाते, रोज हजारोंच्या पंगती उठतात आणि तरीही वाढपी पानापाशी येऊन पुन्हा वाढतो. तेथे कोणाला पडदा वाचावा लागत नाही.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते ग्राहकाला बोलते करण्यासाठी. ग्राहक ठाम राहिला की बलाढ्य कंपन्याही वाकतात. भारतातील आपल्या दुकानांतून गोमांस आणि डुकराचे मांस वगळणे मॅकडोनाल्ड्सलाही भाग पडलेच ना? दुकानदारांनी मोबाईल क्रमांकाचा हट्ट धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये बजावले आहे. तरीही आपण निमूटपणे दहा आकडे सांगून मोकळे होतो.

पुढच्या वेळी कुटुंबासह अशा दुकानात गेलात, तर छापील मराठी दरपत्रक मागा, पैसे रोख द्या आणि क्रमांक विचारला तर 'कशासाठी?' असे शांतपणे विचारा. त्या तरुणावर डाफरू नका. व्यवस्थापकाला बोलवा आणि लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे.