कराराचे नूतनीकरण : सही करण्यापूर्वी

आर्थिक वर्ष संपत आले की औषधनिर्माणशाळांतून आणि रुग्णालयांतून काम करणाऱ्या अनेक वैद्यांपुढे नूतनीकरणाचा करार येतो. मुदत अकरा महिन्यांची वा वर्षाची, काम तेच, जागा तीच. म्हणून ‘नेहमीचेच आहे’ असे समजून शेवटच्या पानावर सही केली जाते. ही प्रथा सही करणाऱ्या वैद्यास आणि सही घेणाऱ्या फार्मसीचालकास, दोघांनाही अहितकर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुदतीचा करार मुदतीबरोबर संपतो. पुढे होतो तो नवा करार. जुन्यातील जी सवलत नव्यात लिहिलेली नाही, ती चालूच आहे असे गृहीत धरता येत नाही. औषध तेच असले तरी अनुपान बदलले की त्याचे कार्य बदलते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. कराराचेही तसेच आहे.

उदाहरणादाखल फार्मसीतील तांत्रिक पर्यवेक्षक वैद्याचा करार घेऊ. औषधे नियम, १९४५ मधील नियम १५७ प्रमाणे आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि अशी निदान एक व्यक्ती पूर्णवेळ नोकरीत असावी लागते. आता नूतनीकरणात ‘पर्यवेक्षक’ या जागी ‘सल्लागार’ आणि ‘वेतन’ या जागी ‘व्यावसायिक शुल्क’ असे शब्द आले, तर महिन्याची रक्कम कदाचित थोडी वाढेलही. परंतु भविष्यनिर्वाह निधी, रजा व ग्रॅच्युइटी यांवरील हक्क वादात सापडेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या नोकरीतील कर्मचाऱ्यास पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. तो कर्मचाऱ्यास आहे, सल्लागारास नाही. फार्मसीचालकांनीही विचार करावा. ज्या वैद्याच्या पात्रतेवर परवाना टिकून आहे, तो कागदोपत्री पूर्णवेळ नोकरीत नाही असे तपासणीत आढळले, तर अल्प बचतीपायी परवानाच अडचणीत येईल.

दुसरी अट निर्बंधाची. ‘करार संपल्यावर दोन वर्षे अन्यत्र नोकरी वा स्वतंत्र व्यवसाय करू नये’ असे कलम आढळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास असा प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो. मात्र करार चालू असतानाच्या निर्बंधाची गोष्ट निराळी. पाच वर्षांच्या कराराने बांधलेल्या, कल्याण येथील एका कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली तसा निर्बंध ग्राह्य धरला. सबब सायंकाळी स्वतःचे चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याने ती मुभा नव्या करारात स्पष्ट लिहून घ्यावी.

तिसरी अट दायित्वाची. ‘उत्पादनासंबंधी सर्व जबाबदारी पर्यवेक्षकाची राहील’ हे एकच वाक्य नव्याने घातले जाते. जबाबदारी घेण्यास आमची ना नाही. पण निकृष्ट कच्चा माल परत पाठविण्याचा आणि सदोष घाणा थांबविण्याचा अधिकारही त्याच कागदावर असला पाहिजे.

‘प्रश्न विचारले तर नूतनीकरणच होणार नाही’, ही तरुण वैद्यांची भीती निराधार नाही. मुदत संपल्यावर नवा करार करण्याचे बंधन सहसा मालकावर नसते. म्हणूनच पहिले पाऊल फार्मसीचालकांनी उचलावे, असे आम्हांस वाटते. मुदत संपण्यापूर्वी एक महिना मसुदा द्यावा आणि बदललेल्या कलमांची यादी सोबत जोडावी. वैद्यांनी जुना व नवा करार शेजारी ठेवून कलमवार वाचावा, शंका लेखी विचारावी, तोंडी आश्वासन मसुद्यात घालून घ्यावे आणि सही झालेली प्रत आपल्याजवळ ठेवावी.

आपल्या संघटनेने विधिज्ञांच्या साहाय्याने एक नमुना करार तयार करून सभासदांना उपलब्ध करून द्यावा, अशी आमची सूचना आहे. वैद्य आणि फार्मसीचालक दोघेही याच संघटनेचे सभासद आहेत. उभयतांना मान्य होईल असा मसुदा येथे नाही, तर अन्यत्र कोठे होणार?