पऱ्हाटीचा हिशेब आणि ताटाचा हिशेब



पऱ्हाटीला नत्र किती, स्फुरद किती, हे दारव्ह्याच्या बाजारात कोणीही तोंडपाठ सांगेल. पोराच्या ताटात प्रथिनं किती, असं विचारलं की सगळे गप्प. हे शिकवणारा विषय अमरावती विद्यापीठात कला शाखेला आहे. गृहअर्थशास्त्र त्याचं नाव. आपण मात्र तो 'पोरींचा, सैपाकाचा' म्हणून हसण्यावारी नेला.

त्यात शिकवतात काय? शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं सुमारे १० ग्रॅम, तांदळात ७ च्या आसपास. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी, तुरीच्या डाळीत ते भरपूर. भाकरीसोबत वरण हवं ते यासाठी. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा तपासला. या रोगात उन्हानं कातडी काळी पडून सोलते. माझ्या मते दोष ज्वारीपेक्षा रिकाम्या ताटाचा.

तूर आपणच पिकवतो, सुगीत विकतो आणि आखाडात डाळ महाग म्हणून वरण पातळ करतो. किती तूर घरात ठेवावी, हे मांडून दाखवणारं शिकलेलं माणूस गावात नको का? ते पोरगीच असावं असंही नाही. पुढच्या प्रवेशाच्या वेळी पोरांनाही विचारून पाहा.