डिग्री घेताना बाटलीवरचं नाव नको, घटक वाचा



रात्री दणकून पाऊस झाला. रानात वापसा नाही, कोळपं बंद. म्हणून आज सोयाबीनवर नाही, पोरांच्या कॉलेजवर लिहितो. लांबलचक आहे, पण ज्याच्या घरात बारावी झालेलं लेकरू आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

निकाल लागल्यापासून घरोघरी फोन चालू झालेत. "सर, घरबसल्या डिग्री. काम करत करत शिका. आज रात्री बारापर्यंत नोंदणी केली तर वीस हजार सूट." बोलणारी पोरगी गोड बोलते. तिचा दोष नाही, ती पगारावर आहे. पण आपल्याला बोगस बियाणं विकणारा कधी कडू बोललाय का?

दोन वर्षांमागं माझ्या धाकट्या भावानं असा फोन उचलला. पुतण्या मला म्हणला, "तात्या, बीबीए आहे, तीन वर्षांची. हप्त्यानं भरायचंय." फी दीड लाख. हप्ता ४,९०० रुपये, छत्तीस महिने. मी जागेवर गुणाकार केला, १,७६,४०० झाले. भाऊ म्हणला, "दादा, लेकराच्या शिक्षणात कशाला हिशेब?" सही झाली. मोबाईलवरच. बापाचं नाव कर्जात सहकर्जदार म्हणून लागलं, हे बापाला नंतर कळलं.

पुढं पोरगं चाकणला कंपनीत लागलं. बारा तासांची शिफ्ट, खोलीत सहा जण. लेक्चर बघायला ना वेळ ना जागा. आठ महिन्यांत अभ्यास सुटला. हप्ता सुटला नाही! कारण कॉलेजला पैसे पहिल्याच दिवशी पोचलेले, आपण देणं लागतो ते कर्ज देणाऱ्या कंपनीला. शिकणं थांबलं म्हणून कर्ज थांबत नाही. पुढं हप्ते थकले. यंदा भाऊ पीककर्जाला बँकेत गेला, तर साहेबानं सिबिल काढून समोर ठेवलं. पेरणी तोंडावर आणि कर्ज नाही. बियाण्याच्या पिशव्या दुकानातून उधारीवर आणल्या. डिग्री तर नाहीच, खरीपसुद्धा उधार.

आता हिशेब आपल्या भाषेत. माझं सोयाबीन मागच्या सालात ४,२०० रुपये क्विंटलनं गेलं. १,७६,४०० म्हणजे बेचाळीस क्विंटल. एकरी आठचा उतारा धरला तर सव्वापाच एकरांचं सगळं उत्पन्न, त्यातून खत, फवारणी, मजुरी काहीच वजा नाही. त्याला "महिन्याला फक्त ४,९००" म्हणतात. आमचा महिना पगाराचा नाही, आमच्या हातात पैसा हंगामाला येतो. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

आता मुद्द्यावर येतो. अळीसाठी आपण इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के मारतो. एका कंपनीचं महाग, दुसरीचं स्वस्त. शहाणा शेतकरी बाटलीवरचं चित्र बघत नाही, घटक वाचतो. डिग्रीचा घटक म्हणजे यूजीसीची मान्यता. यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन डिग्री नेहमीच्या कॉलेजच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची. मग दीड लाखाची ऑनलाइन बी.कॉम. आणि काही हजारांची मुक्त विद्यापीठाची बी.कॉम., कागदाला दोन्ही सारख्या. वरचे पैसे जाहिरातीचे, ॲपचे आणि त्या गोड फोनचे.

स्वस्तात काय आहे ते बघा.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत. आमच्या गावातल्या एसटी कंडक्टरनं ड्युटी सांभाळून तिथूनच बी.ए. केलं. तीन वर्षांचा सगळा खर्च, गाडीभाडं धरून, पंधरा हजारांच्या आत बसला. दिल्लीचं इग्नू १९८५ पासूनचं, तेही असंच.

ज्याला नुसतं नवीन काही शिकायचंय त्याला सरकारचं 'स्वयम' आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट, परीक्षा देऊन सर्टिफिकेट पाहिजे तरच फी.

आणि जवळ चांगलं कॉलेज असेल तर पोराला तिथंच पाठवा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. बऱ्याच ठिकाणी 'कमवा आणि शिका' आहे, लाजू नका. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झालीय. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न, प्रवर्ग आणि प्रवेशाच्या अटी आहेत, त्या नीट वाचा. हाताला कौशल्य पाहिजे तर सरकारी आयटीआय आहे.

कुणी म्हणेल, मुक्त विद्यापीठाच्या डिग्रीला कोण विचारतं? तर मग ऑनलाइनच्या डिग्रीला तरी कोण विचारतं? मुलाखतीत काम येतं का ते बघतात. दुसरं म्हणतील, तिथं पुस्तकं उशिरा, निकाल उशिरा. खरं आहे. कंडक्टरचाही एक निकाल रखडला होता, चार हेलपाटे झाले. पण हेलपाट्याचं सिबिल होत नाही.

पक्की नोकरी आहे, पगारातून फी रोख भरता येते, रोज दोन तास बसायची शिस्त आहे, अशा माणसानं महाग ऑनलाइन कोर्स जरूर करावा. माझं भांडण ऑनलाइनशी नाही. कर्ज काढून, घाईत, बापाच्या सहीवर घेण्याशी आहे. आणि पुतण्याचीही चूक आहे. जमत नाही हे दुसऱ्या महिन्यात सांगायला पाहिजे होतं. लाजेपोटी गप्प बसला.

सही करायच्या आधी एवढं करा:

१. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव यंदाच्या यादीत आहे का, स्वतः बघा. फोनवाल्यानं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.
२. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी, वकिली यांची डिग्री घरबसल्या देतो म्हणला तर फोन ठेवा. त्याला परवानगीच नाही.
३. हप्ता गुणिले महिने करा. मग शिक्षण मध्येच सोडलं तर किती परत मिळणार, ते लेखी मागा.
४. "आज रात्रीच" म्हणला की उद्या सकाळी विचार करू म्हणा. कॉलेज कुठं पळून जात नाही.

शिकवू नका असं मी म्हणत नाही. मी दहावीवर थांबलो, त्याचं दुःख मला आहे. म्हणूनच सांगतो, लेकराला शिकवायचं तर त्याच्या डोक्यावर कर्ज ठेवून नको.

तुमच्या घरी असं काही झालं असेल तर खाली लिहा, दुसऱ्याचं घर वाचेल. उद्या ऊन पडलं तर परवा कोळपं धरतो.

जय किसान.