बोक्याची वही आणि आजींचे इंजेक्शन

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. सकाळच्या वेळी दवाखान्यात ताप-खोकल्याची गर्दी होती. नंबर आल्यावर एक परिचित, निवृत्त गृहस्थ आत आले आणि संकोचाने म्हणाले, "डॉक्टर, आज माझी स्वतःची तक्रार काही नाही. आमच्या बोक्याला डायबेटिस झालाय. इन्सुलिन कसं द्यायचं, तेवढं शिकवाल का?"

बाहेरच्या बाकावरची मंडळी हसली. खरे सांगायचे तर मीही हसलो. पुढे जे घडले त्यानंतर त्या हसण्याची मला लाज वाटली, म्हणून आजचा लेख.

हे कुटुंब मुंबईतील नोकरी संपवून पावसला परत आले. पतिपत्नी, ब्याऐंशी वर्षांच्या आजी आणि मुंबईहूनच आणलेला अकरा वर्षांचा बोका. बोका अंगाने चांगला भरलेला. पडवीत लोळायचे, तीन वेळा दूधभात खायचा आणि चहाच्या वेळी बिस्किटे, असा त्याचा दिनक्रम. दोनतीन महिन्यांपासून तो बादलीला तोंड लावून सारखे पाणी पिऊ लागला, लघवीही फार करू लागला. खाणे वाढले, पण अंग उतरू लागले. एक दिवस पडवीच्या कोपऱ्यात त्याने लघवी केली होती तिथे मुंग्यांची रांग लागली. ती पाहून आजी म्हणाल्या, "अरे, ह्याला माझाच रोग झालाय." आजींना स्वतःला वीस वर्षांचा मधुमेह. घरच्यांनी हसण्यावारी नेले. पुढे बोका मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून फरपटल्यासारखा चालू लागला, कट्ट्यावर उडी मारेना. तेव्हा त्याला मुंबईला पशुवैद्यांकडे नेले. रक्त आणि लघवी तपासली. आजींचे निदान बरोबर निघाले.

वाचकांना आश्चर्य वाटेल, पण मांजरांचा मधुमेह पुष्कळसा आपल्या 'टाइप टू' सारखाच असतो. उतारवय, लठ्ठपणा, बैठे आयुष्य ही कारणे तीच. नर मांजरांत, विशेषतः खच्ची केलेल्या बोक्यांत, तो अधिक आढळतो. त्यात मांजर हा जातीचा मांसाहारी प्राणी. भात, बिस्किटे यांतला पिष्टमय भाग पचवून साखर सांभाळण्याची त्याच्या शरीराची ताकद मर्यादित असते. आपण प्रेमाने दूधभात घालतो आणि त्याच्या स्वादुपिंडावर भार टाकतो.

आता माझ्या पुढचा प्रश्न. मी माणसांचा डॉक्टर. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचा आहे आणि तसेच असायला हवे. औषध कोणते, डोस किती, हे मी सांगणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगितले. पण पशुवैद्यांनी डोस लिहून दिला होता: एक युनिट, दिवसातून दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने. सिरिंज कशी भरायची आणि सुई कशी टोचायची, हे शिकवायला काय हरकत? आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाईगुरांसाठी. लहान प्राण्यांची मोठी रुग्णालये मुंबईत. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुने, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे नवे सुरू झाले. रोज दोन इंजेक्शनांसाठी पावसहून मुंबईला कोण जाणार? तेव्हा हा आजार सांभाळायचा तो घरीच. माझे मत असे, की तो घरी सांभाळता येतो. त्याला धाडस लागत नाही. लागते ते घड्याळ, वही आणि एक जबाबदार माणूस.

त्या गृहस्थांनी तिन्ही गोष्टी केल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही वेळ ठरली. इंजेक्शन फक्त तेच देणार, ते नसतील तर त्यांची पत्नी, आणि दिल्याबरोबर वहीत खूण. बोका खाऊ लागला की कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई कातडीखाली सरकवायची, औषध सोडायचे. जागा रोज बदलायची. सुई इतकी बारीक असते, की बोका वाटीतून मानही वर करीत नसे.

साखर तपासण्याचेही त्यांनी शिकून घेतले. मांजर दवाखान्यात घाबरते आणि नुसत्या घाबरण्याने त्याची साखर खूप चढते. म्हणून घरची तपासणी मोलाची. कान कोमट फडक्याने शेकून कडेला बारीक टोचले, की थेंबभर रक्त येते. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा बहुधा कमी दाखवते. त्यामुळे कोणते यंत्र वापरता हे पशुवैद्यांना सांगावे आणि कितीच्या खाली इंजेक्शन द्यायचे नाही, तो आकडा त्यांच्याकडून आधीच लिहून घ्यावा.

पशुवैद्यांनी दिलेल्या सूचनांचा एक कागद त्यांनी फ्रिजच्या दारावर लावला होता. मोठ्या अक्षरात पहिली ओळ: 'पाय लटपटणे, थरथर, गुंगी, झटके म्हणजे साखर कमी. लगेच मध किंवा साखरेचे पाणी हिरड्यांना चोळा आणि फोन करा.'

याच कागदाने एका माणसाचा जीव वाचवला.

कार्तिकी एकादशीचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास आजी पडवीत बसल्या होत्या. दरदरून घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले, हात कापू लागले. सूनबाईंना वाटले, वारा गेला. पण मुलाची नजर फ्रिजवरच्या कागदाकडे गेली. त्याने ग्लुकोमीटर आणून, नवी सुई लावून, आजींच्या बोटातून रक्त काढले. साखर ४४. आजी शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत आजी माणसांत आल्या. मी पोहोचलो तेव्हा मलाच म्हणाल्या, "तुम्ही कशाला धावत आलात?"

घडले होते ते साधेच. आजींनी सकाळी नेहमीप्रमाणे पूर्ण इन्सुलिन स्वतः टोचून घेतले आणि एकादशी म्हणून काही खाल्ले नाही. मी त्यांचा साखरेचा कागद मागितला. शेवटची नोंद शिमग्यातली! शेजारीच बोक्याची वही होती. त्यात दीड महिन्याच्या दोन्ही वेळच्या नोंदी, खाणे, साखर, टोचल्याची जागा, सगळे नीट लिहिलेले. आजींचे पोट पाहिले तर एकाच जागी टोचून टोचून गाठी झालेल्या. अशा गाठींतून औषध कधी कमी शोषले जाते, कधी एकदम जास्त. वर्षानुवर्षे त्यांना तपासणारा मी. मीही ते पोट कधी पाहिले नव्हते. दोष एकट्या घरच्यांचा नाही.

फ्रिज उघडला तर आणखी एक धोका दिसला. आजींची बाटली ४० युनिटची, बोक्याची १०० ची, आणि दोघांच्या सिरिंजा एकाच डब्यात. वाचकांनी हे नीट समजून घ्यावे. बाटलीवरचा ४० किंवा १०० हा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट. ४० च्या सिरिंजेत १०० ची बाटली भरली, तर प्रत्येक रेघेला अडीच पट औषध जाते. आजींचे २० युनिट म्हणजे ५० झाले असते. उलट केले, तर निम्म्याहूनही कमी जाते. आपल्याकडे सहसा ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजेचे नारिंगी असते. पण टोपणावर विसंबू नये, सिरिंजेवर छापलेला आकडा वाचावा. दुकानातून आणतानाच बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे जुळवावेत. ज्या घरात दोन प्रकारचे इन्सुलिन आहे, मग ते आजीआजोबांचे असो वा आजी आणि बोक्याचे, तिथे दोन वेगळे डबे हवेत.

त्या दिवसापासून त्या घरात दुसरी वही आली. मी त्यांना जे सांगितले ते सर्वांनाच उपयोगी पडेल:

१) इन्सुलिन आणि खाणे यांची सांगड मोडू नये. उपास करायचा असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारावे. मांजराने खाणे टाकले तर पूर्ण डोस देऊ नये, पशुवैद्यांना फोन करावा. मांजराला उपाशी ठेवणे तर फारच वाईट, त्याने त्याचे यकृत बिघडते. खाणे बंद, उलट्या आणि मरगळ असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

२) दिले की नाही याबद्दल शंका असेल, तर पुन्हा देऊ नये. सुई निसटून औषध केसांवर सांडले तरी दुसरे भरू नये, पुढची वेळ येऊ द्यावी. साखर वाढली तर ती त्रास द्यायला सहसा दिवस घेते. साखर उतरली तर मिनिटांत घात करते. मात्र लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचा डोस चुकल्यास लगेच डॉक्टरांना विचारावे.

३) माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठावे. बेशुद्ध मांजराच्याही घशात काही ओतू नये, हिरड्यांना फक्त चोळावे. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नये, चावते.

४) आहार बदलला की डोसही बदलावा लागतो. बोक्याचा दूधभात बंद करून पशुवैद्यांच्या सल्ल्याने उकडलेली कोंबडी, अंडे, बिनकाट्याची अळणी मासळी आणि त्याला लागणारी जीवनसत्त्वे सुरू केली. नुसती मासळी हा मांजराचा पुरा आहार नव्हे. असा बदल अचानक करू नये. भात बंद आणि इन्सुलिन तेवढेच राहिले, तर साखर धोक्याइतकी उतरते. वेळेवर उपचार आणि योग्य आहार मिळाल्यास काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. पण ते सोडायचे पशुवैद्यांनी, आपण नव्हे.

५) बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' आले. अशा वेळी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत आणि वाऱ्याला ठेवावी. आपल्या दमट हवेत मडके घाटावरच्याइतके गार होत नाही, तरी उन्हाळ्यातल्या कपाटापेक्षा ते बरे. स्वच्छ औषध गढूळ झाले, किंवा गढूळ औषधात गुठळ्या दिसल्या, तर वापरू नये.

गावात टीकाही झाली. "माणसांना औषध परवडत नाही आणि हे बोक्याला इन्सुलिन देतात!" टीका अगदीच निराधार नाही. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्यातल्या अनेकांना नियमित औषध मिळत नाही. पण बोक्याची बाटली बंद केल्याने ती गरिबाच्या घरी जाते, असे मला तरी कधी दिसले नाही. शिवाय मुक्या जनावरांचे आपल्यावरचे ऋण विसरून चालणार नाही. १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले ते कुत्र्यांवरील प्रयोगांतून. त्यानंतर साठ वर्षे, म्हणजे १९८२ साली जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत, जगातले मधुमेही गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या औषधावर जगले. त्यातला एक थेंब एका बोक्याला परत दिला, तर बिघडले कुठे?

ज्यांना हा खर्च आणि ही धावपळ झेपत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पशुवैद्यांशी मोकळेपणी बोलावे, ते मार्ग सुचवतात. पण ज्यांच्या घरी माणूस इन्सुलिनवर आहे, त्यांना मात्र मी सवलत देणार नाही. आज संध्याकाळीच आजी-आजोबांचा कागद काढून पाहा. शेवटची नोंद कधीची आहे? सिरिंज आणि बाटलीचे आकडे जुळतात का? सुई कोण टोचते, कुठे टोचते, त्यानंतर ते जेवतात का? आम्ही डॉक्टर मंडळींनीही रुग्णाचे पोट पाहिल्याशिवाय डोस वाढवू नये, हे मी स्वतःला बजावले आहे.

परवा त्या घरावरून गेलो. संध्याकाळचे सात वाजायला आले होते. मुलगा दोन्ही डबे आणि दोन्ही वह्या घेऊन पडवीत बसला होता. बोका वाटीजवळ, आजी पाटावर. मी विचारले, "आधी कोणाचं?" आजी म्हणाल्या, "त्याचं. तो खायला लागला, की मला माझ्या जेवणाची आठवण होते."