संगणक-संवाद : नकाराची योग्य जागा



आमचा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पंधरवड्यात तो एक गाऱ्हाणे घेऊन आला. त्याच्या जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी या युनिक्सच्या कुळातील प्रणालीची १३वी आवृत्ती आहे. यूएसबी माउसच्या हालचाली थेट वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. परंतु तो चालवताच ‘उपकरण व्यग्र आहे’ असा संदेश येई. परीक्षकांसमोर प्रकल्प मांडण्यास दोनच दिवस उरले होते.

माउस अडवून ठेवणारी सेवा होती ‘माउसडी’. चित्रमय पडदा नसताना, केवळ अक्षरांच्या पडद्यावरही माउसने मजकूर निवडता व चिकटवता यावा, यासाठी ती असते. सेवा उपयुक्तच, पण येथे ती नको होती. भाच्याने आरसी.कॉन्फ या फाइलीत ‘माउसडी_इनेबल’पुढे ‘नो’ लिहिले होते. तरीही यंत्र सुरू होताच सेवा हजर! तो ती हाताने बंद करी. माउस काढून पुन्हा जोडला की ती परत येई. अखेर वैतागून, तो प्रोग्रॅमच पुसून टाकावा किंवा नव्याने जोडलेल्या उपकरणांची दखल घेणारी ‘डेव्हडी’ ही सेवाच बंद करावी, असे दोन बेत त्याने केले.

मी त्याला थांबवले. पुसलेली फाइल प्रणालीच्या पुढील अद्ययावतीकरणात परत येऊ शकते. डेव्हडी बंद केली, तर नेटवर्कची तार जोडताच आपोआप होणारी कामेही थांबतील. उंदरासाठी घर जाळण्यासारखेच ते!

आधी चालू प्रक्रियांची यादी पाहिली. माउसडीच्या ओळीत ‘यूएमएस०’ हे उपकरणाचे नाव स्पष्ट होते. तेथेच उलगडा झाला. यूएसबी माउस जोडला जाताच डेव्हडी त्या विशिष्ट उपकरणाच्या नावाने माउसडीला हाक मारते. अशा वेळी ‘माउसडी_इनेबल’ विचारातच घेतले जात नाही. ‘माउसडी_नॉनडिफॉल्ट_इनेबल’ पाहिले जाते, आणि त्याचे मूळ मूल्य ‘यस’ असते. नवा माउस कोणत्याही खटपटीविना चालावा, हा त्यामागील सद्हेतू. भाच्याचा नकार खरा होता. पण तो दुसऱ्याच दाराशी उभा होता.

आरसी.कॉन्फमध्ये या दुसऱ्या नावापुढे ‘नो’ लिहिले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि प्रोग्रॅमला माउस मिळाला. एकाच माउसपुरता नकार हवा असेल, तर ‘माउसडी_यूएमएस०_इनेबल’पुढे ‘नो’ लिहिणे पुरेसे असते. अर्थात, अक्षरांच्या पडद्यावरील माउसची सोय त्याबरोबर जाते, हे ध्यानात असावे.

मूळ मूल्ये डीफॉल्ट्स या उपनिर्देशिकेतील आरसी.कॉन्फमध्ये वाचता येतात. ती फाइल वाचावी, बदलू मात्र नये. आपले बदल आपल्या आरसी.कॉन्फमध्येच असावेत.

नको असलेली सेवा पुनःपुन्हा उठत असेल, तर तिला पुनःपुन्हा बंद करण्यात शक्ती वेचू नये. तिला कोण उठवते, हे आधी शोधावे. भाच्याने प्रकल्प वेळेवर मांडला. आणि त्याच्या अहवालात या शोधाचेही एक पान होते.