टनांच्या हिशेबात अडकलेला गारवा

हैदराबादहून वरंगळकडे निघाले, की उप्पल मागे पडल्यावर पोचारम लागते. तिथल्या इन्फोसिसच्या आवारात 2011 साली एक कार्यालयीन इमारत वापरात आली. सुमारे अडीच लाख चौरस फुटांची ही इमारत मधोमध दोन सारख्या भागांत विभागलेली होती. भिंती-काचा एकाच प्रकारच्या, कामही एकाच प्रकारचे. फरक फक्त वातानुकूलनाचा. एका भागात नेहमीसारखी थंड हवा डक्टमधून खेळवली; तीही साध्या पद्धतीने नव्हे, तर गरजेप्रमाणे हवेचे प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या चांगल्या यंत्रणेने. दुसऱ्या भागात स्लॅबच्या काँक्रीटमध्येच नळ्या पुरल्या, त्यांतून गार पाणी फिरवले आणि श्वासापुरती कोरडी, ताजी हवा वेगळी दिली. मीटर लावून दोन वर्षे मोजले, तेव्हा दुसऱ्या भागाच्या वातानुकूलनाला 34 टक्के वीज कमी लागली. बसवण्याचा खर्चही जास्त आला नाही, उलट किंचित कमीच पडला.

या प्रयोगाचे आकडे 2014 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. म्हणजे गोष्ट गुपित राहिली नव्हती. एवढा स्वच्छ, शेजारी-शेजारी केलेला प्रयोग जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल आणि तो हैदराबादेत झाला. तरीही ही पद्धत इथल्या कार्यालयांची नेहमीची पद्धत झालेली नाही. गच्चीबावली, नानकरामगुडा, रायदुर्गम या भागांत त्यानंतर काचेचे केवढे मनोरे उभे राहिले! त्यांतल्या प्रत्येकाला कोणीतरी गारवा विकला. तो कसा विकला गेला आणि विकणाऱ्याला पगार कशाचा मिळाला, हे पाहिल्याशिवाय पोचारमचा धडा पोचारमलाच का राहिला ते कळणार नाही.

व्यापारी वातानुकूलन विकणारा सेल्स इंजिनिअर दुकानात उभा राहून एसी विकत नाही. त्याचे, आणि आता बऱ्याच ठिकाणी तिचे, गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस नसतोच. बिल्डर असतो, आर्किटेक्ट असतो, इमारतीला किती गारवा लागेल तो हिशेब, म्हणजे हीट लोड, काढून देणारा कन्सल्टंट असतो, प्रकल्पाचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी असते, वीज-पाणी-एसीचे काम एकत्र घेणारा एमईपी ठेकेदार असतो, आणि इमारत भाड्याने घेणारी कंपनी तर अजून ठरलेलीही नसते. पहिली भेट आणि ऑर्डर यांच्यात वर्ष सहज जाते. कामाच्या परिमाणांचा तक्ता, म्हणजे बीओक्यू निघतो, तांत्रिक निविदा उघडते, मग दराची. सर्वांत कमी दर देणारा ‘एल-वन’ ठरतो आणि खरी घासाघीस त्यानंतर सुरू होते. ऑर्डर मिळाली तरी सगळे पैसे हाती येत नाहीत: काही आगाऊ, काही माल पोचल्यावर, काही कमिशनिंग (यंत्रणा चालू करून देणे) झाल्यावर, आणि शेवटचा तुकडा वर्षभर अडकलेला. एवढ्या लांब वाटेवर त्या माणसाला मोजायचे माप मात्र एकच असते. किती टनांचे बुकिंग झाले?

चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढे काम सतत करणारे यंत्र म्हणजे एक टनाचे यंत्र. किलोवॅटमध्ये सांगायचे तर साधारण साडेतीन. या धंद्यातले टार्गेट टनांत नाहीतर रुपयांत असते, आणि मार्च एंडिंगला ते पुरे करावे लागते. ग्राहकाची गरज 400 टनांची आहे आणि थोडे डोके लावले तर ती 300 वर आणता येईल, हे ज्याला सर्वांत आधी दिसते तो सेल्स इंजिनिअरच. पण ते बोलून दाखवले, की त्याच्या वर्षाच्या हिशेबातले 100 टन जातात. अशा रचनेत त्याने गप्प राहणे पसंत केले, तर दोष त्याच्या हेतूचा नाही, पगाराच्या रचनेचा आहे.

टन वाढण्याला आणखीही हात लागतात. हीट लोड काढणारा कन्सल्टंट दहा टक्के जास्त धरतो, कारण उन्हाळ्यात खोली गार झाली नाही तर दोष त्याच्यावर येतो. इमारत गरजेपेक्षा जास्त वीज खाते म्हणून त्याला कोणी विचारत नाही. ठेकेदार आणखी दहा टक्के धरतो. पुरवठादार बाजारात मिळणाऱ्या पुढच्या मोठ्या आकड्यावर जातो. 400 चे 440, 440 चे 484, आणि शेवटी गच्चीवर 500 टन चढतात. ती 400 टनांची गरजसुद्धा, दिवे आणि संगणक आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तापायचे त्या काळातल्या जुन्या ठोकताळ्याने काढलेली असेल, तर मुळातच फुगलेली असते.

मोठे यंत्र घेतले म्हणजे गारवा जास्त, असेही होत नाही. हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर वसलेले आहे. एप्रिल-मे कोरडा आणि कडक. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट पण तापमान उतरलेले. त्या दिवसांत गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली चटकन थंड करते आणि बंद पडते किंवा मंदावते. हवेतली वाफ काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. माणसे स्वेटर घालून बसतात आणि तरी चिकट वाटते. तक्रार येते, आणि तापमान आणखी दोन अंशांनी खाली आणले जाते.

याची किंमत कोण मोजतो, त्यासाठी एक साधा हिशेब पाहावा. समजा एका इमारतीत 500 टनांचा प्लँट आहे आणि पंप, कूलिंग टॉवर धरून तो प्रत्येक टनामागे एक किलोवॅट वीज घेतो. नीट आखलेला, नीट चालवलेला प्लँट तेच काम पाऊण किलोवॅटमध्ये करील. फरक 125 किलोवॅटचा. पूर्ण भारावर वर्षाला 3,000 तास धरले तर पावणेचार लाख युनिट. आठ रुपये दराने वर्षाला तीस लाख. पंधरा वर्षांत साडेचार कोटी, तेही वीज महाग होणार नाही असे मानून. खरेदीच्या टेबलावर मात्र दहा-पंधरा लाखांसाठी आठवडेच्या आठवडे ओढाताण चालते. बिल्डर इमारत बांधून भाड्याने देतो, वीजबिल भाडेकरू भरतो. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्या खिशाला झळ नाही. हैदराबादसारख्या, बहुतेक कार्यालये भाड्याच्या जागेत असलेल्या शहरात हा पेच सर्वांत मोठा आहे.

आणि गरम करणाऱ्या यंत्रणांचे काय? हैदराबादच्या थंडीत कार्यालये तापवावी लागत नाहीत, म्हणून तो विषय इथे कोणी काढत नाही. पण जीडीमेटला, पाटणचेरू, पाशमैलारम किंवा शामीरपेटजवळची जिनोम व्हॅली इथल्या औषध आणि लस कारखान्यांत जाऊन पाहावे. स्वच्छ खोल्यांमधली हवा ठरावीक मर्यादेपर्यंत कोरडी ठेवावी लागते. त्यासाठी ती आधी खूप थंड करतात, तिच्यातले पाणी गाळतात, आणि मग ती फार गार झाली म्हणून पुन्हा तापवतात. त्याच इमारतीच्या गच्चीवर कूलिंग टॉवर दिवसरात्र उष्णता आकाशात सोडत असतो आणि खाली बॉयलर नाहीतर विजेचा हीटर नवी उष्णता तयार करत असतो. मोठ्या हॉटेलात आणि रुग्णालयातही हेच: एकीकडे खोल्या गार करायच्या, दुसरीकडे आंघोळीला आणि कपडे धुवायला पाणी तापवायचे.

टाकून दिलेली ही उष्णता हीट पंपाने परत वापरता येते. उलट दिशेनेही जाता येते: पुण्याची थरमॅक्स वाफेवर किंवा वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रे, कित्येक वर्षे बनवते आहे, त्यांत कॉम्प्रेसर नसतो, पाणी आणि लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणावर काम चालते. तंत्र हाताशी आहे. अडते ते विक्रीत. कारखान्यात एसी पाहणारा विभाग वेगळा, बॉयलर पाहणारा वेगळा. दोघांचे बजेट वेगळे. पुरवठादाराकडेही गार विकणारा वेगळा आणि गरम विकणारा वेगळा. या चौघांना एका टेबलाशी बसवणारा सेल्स इंजिनिअर महिनाभर खपतो, आणि शेवटी गरज कमी झाली म्हणून चिलरची ऑर्डर लहान निघते. खरे तर त्या महिन्यात त्याने कारखान्याची सर्वांत मोठी सेवा केलेली असते. त्याबद्दल त्याला काही मिळत नाही, हे या व्यवसायातले सर्वांत दुखरे ठिकाण आहे.

मराठी माणसाला अशी समजावून केलेली विक्री परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. त्या घराण्याने 1920 मध्ये सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात ग्राहकांशी आणि एजंटांशी बोलण्यासाठीच होते. वस्तू काय करते, कशी वापरावी, का टिकते, हे सांगत बसण्याचा धीर त्या विक्रीत होता. आजच्या चिलरच्या विक्रीला तोच धीर हवा आहे आणि मार्च एंडिंगचे टार्गेट नेमका तोच हिरावून घेते.

कायदा काही करत नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता अविभाजित आंध्र प्रदेशाने 2014 च्या आरंभी स्वीकारली आणि तेलंगणाने ती पुढे चालवली. एप्रिल 2023 मध्ये तेलंगणाने शीत छत धोरण आणले; 2028 पर्यंत राज्यात 300 चौरस किलोमीटर छत ऊन परतवणारे करायचे, असे त्यात ठरले. नमुनाही जवळच आहे: सोहराबजी गोदरेज यांच्या नावाची, भारतीय उद्योग महासंघाची (सीआयआय) हरित इमारत हैदराबादेतच, कोंडापूरजवळ. तिचे उद्घाटन 14 जुलै 2004 रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी केले आणि अमेरिकेबाहेर ‘लीड’ या हरित मानांकनातले प्लॅटिनम मिळवणारी ती पहिली इमारत ठरली. तिच्या दोन वायुमनोऱ्यांतून येणारी हवा यंत्रापर्यंत पोचण्याआधीच थोडी गार झालेली असते. देशपातळीवर, मार्च 2019 च्या शीतन कृती आराखड्याने वीस वर्षांत गारव्याची मागणी आठपट होईल असे सांगून ती 20 ते 25 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण नियम सगळे इमारत मंजूर होईपर्यंतचे. चौथ्या वर्षी तिथला प्लँट टनामागे किती वीज खातो, हे कोणी विचारायला येत नाही.

त्यात आता यंत्रांत भरल्या जाणाऱ्या गॅसचाही प्रश्न आला आहे. किगाली करारानुसार भारताला हायड्रोफ्लुरोकार्बन गॅसांचा वापर 2028 मध्ये आहे तिथे थांबवायचा आहे, 2032 मध्ये 10 टक्के घट आणि 2047 पर्यंत 85 टक्के. आर-410ए हा सर्रास वापरला जाणारा गॅस एक किलो गळाला, तर हवामानावर त्याचा परिणाम दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका होतो. चिलर वीस वर्षे चालतो. आज बसवलेल्या यंत्राला 2040 नंतर गॅस कुठून आणि काय भावाने मिळेल, हे ग्राहकाला ऑर्डरच्या आधी सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य मानले पाहिजे. बहुतेक कोटेशनांत त्यासाठी एक ओळही नसते.

हे सांगणारा विक्रेता येतो कुठून? नांदेड, लातूर, उदगीरच्या मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या मुलामुलींना हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. एसीच्या कंपन्यांत त्यांना नोकरी मिळते ती बहुधा विक्रीत किंवा साइटवर. घरी मात्र इंजिनिअर होऊन विक्री कशाला, असा सूर निघतो. हा सूर बदलायला हवा. हवेचे तापमान आणि आर्द्रता दाखवणारा सायक्रोमेट्रिक चार्ट वाचता येणे, प्लँटवर जाऊन पाण्याचे आत-बाहेरचे तापमान स्वतः मोजणे, वार्षिक देखभाल (एएमसी) पाहणाऱ्या तंत्रज्ञाशी बरोबरीने बोलणे आणि मालकाला त्याच्या वीजबिलाची भाषा समजावणे, हे सगळे एका माणसाला जमावे लागते. वातानुकूलनातले हे सर्वांत अवघड काम आहे.

मग त्याचा पगार विकलेल्या टनांवर नव्हे, तर यंत्र प्रत्यक्षात किती वीज खाते त्यावर का ठरू नये? यावर कंपन्यांचा आक्षेप ठाऊक आहे. यंत्र विकल्यावर ते कसे चालवले जाईल ते आमच्या हाती नाही, असे त्या म्हणतात. कोणी 18 अंशांवर ठेवतो, कोणी बोअरचे जड पाणी कूलिंग टॉवरला सोडतो आणि कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतात. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याला उत्तरही आहे. पाण्याचा प्रवाह, दोन तापमाने आणि वीज एवढे सतत नोंदवले, तर टनामागची वीज दर तासाला कळते. भार आणि बाहेरच्या हवेची आर्द्रता लक्षात घेऊन ती करारातल्या आकड्याशी ताडता येते. पाणी जड असेल तर ते नोंदीत दिसते आणि देखभालीचा करार त्याच पुरवठादाराकडे असेल तर उपायही त्याच्याच हाती राहतो. रकमेचा शेवटचा हप्ता आणि सेल्स इंजिनिअरच्या इन्सेंटिव्हचा मोठा भाग या पहिल्या वर्षाच्या नोंदींवर सोडावा. टन कमी करून दाखवणाऱ्याला टन विकणाऱ्याइतकेच मिळाले पाहिजे.

सुरुवात सरकारी खरेदीतून करता येईल, कारण तिथे इमारत बांधणारा आणि वीजबिल भरणारा एकच. गोशामहल इथे नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी 31 जानेवारी 2025 रोजी झाली. रुग्णालय चोवीस तास चालते, शस्त्रक्रियागृहांना कोरडी हवा लागते, वॉर्डांना गरम पाणी लागते. गार आणि गरम यांचा एकत्र विचार करायला यापेक्षा योग्य जागा नाही. अशा रुग्णालयांच्या निविदेत टनांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: वर्षभराच्या सरासरीने टनामागे किती किलोवॅट आणि टाकून दिलेल्या उष्णतेतून किती लिटर पाणी तापणार. दर देणाऱ्या प्रत्येक कंपनीने ते भरावेत, आणि एल-वन ठरवताना पंधरा वर्षांचे वीजबिल किमतीत मिळवावे.