सवलत वेळेची, कसोटी विश्वासार्हतेची : म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठाचा धडा

म्हैसूर : नोकरी सांभाळून, घरकाम आटोपून किंवा शेतीच्या हंगामातून सवड काढून पदवी मिळवू पाहणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठे वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीत, प्रवेशाची दारे उघडतात. आपल्या गतीने शिकण्याची मुभा हे या शिक्षणाचे मुख्य आकर्षण. मात्र वर्ग नाही, घंटा नाही आणि हजेरीपटही नाही, अशा व्यवस्थेत विद्यार्थी खरोखर शिकला की नाही हे ठरवायचे कसे? गुणदान, उपस्थिती आणि वर्तन यांविषयीचे नियम वरवर पाहता प्रशासकीय तपशील वाटतात. परंतु पदवीचे बाजारातील व शासनदरबारी असलेले मूल्य याच तपशिलांवर अवलंबून असते, हे म्हैसूरइतके अन्य कोणत्या शहराने क्वचितच अनुभवले असेल.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये झाली. संस्थानी मुलखात उभे राहिलेले ते देशातील पहिले विद्यापीठ. १९६९ मध्ये तेथे पत्रद्वारा शिक्षणाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये रुजवलेल्या प्रयोगाला दक्षिणेत मिळालेले हे महत्त्वाचे पाठबळ होते. याच संस्थेतून १ जून १९९६ रोजी कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ आकारास आले. महाराष्ट्रात त्याआधीच, १९८९ मध्ये, नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते.

विस्ताराची किंमत

पुढील दीड दशकात म्हैसूरच्या विद्यापीठाचा विस्तार झपाट्याने झाला. खासगी संस्थांशी सहकार्य करार करून राज्याच्या सीमेबाहेरही अभ्यासक्रम चालवले गेले, त्यांत तांत्रिक अभ्यासक्रमांचाही समावेश होता. राज्य मुक्त विद्यापीठाने आपल्या कार्यक्षेत्राबाहेर केंद्रे चालवू नयेत, या निकषाचे उल्लंघन झाल्याचा ठपका विद्यापीठ अनुदान आयोगाने ठेवला. जून २०१५ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून २०१२-१३ नंतर विद्यापीठास मान्यता नसल्याचे स्पष्ट केले. दरम्यानच्या काळात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या पदव्यांवर प्रश्नचिन्ह उमटले. ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता पुन्हा मिळाली, ती २०१८-१९ पासूनच्या प्रवेशांसाठी. मधल्या वर्षांतील विद्यार्थ्यांना मात्र नोकरी, पदोन्नती व पुढील शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर खुलासे करावे लागले.

या प्रकरणाचा अर्थ केवळ कार्यक्षेत्राच्या वादापुरता मर्यादित नाही. अध्यापन एकाकडे, अभ्यासकेंद्र दुसऱ्याकडे आणि पदवीवरील शिक्का तिसऱ्याचा, अशी विभागणी झाली की मूल्यमापनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. त्यात नियम मोडतो संस्थेचा आणि दंड भरतो विद्यार्थी.

दोन तास आणि एकशे वीस तास

आज देशभरातील दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रमांना आयोगाचे सप्टेंबर २०२० चे विनियम लागू आहेत. त्यांची दिशा स्पष्ट आहे : शिकण्याची वेळ विद्यार्थ्याची, परीक्षेची शिस्त संस्थेची. अंतर्गत मूल्यमापनाचा भार ३० टक्क्यांपर्यंत, तर उरलेला सत्रांत परीक्षेचा. परीक्षार्थीची ओळख बायोमेट्रिक पद्धतीने पटवणे आणि परीक्षा केंद्रावर कॅमेऱ्यांची देखरेख ठेवणे, या अटीही त्यांत आहेत. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या मंचावरही ३० व ७० अशीच गुणविभागणी प्रचलित आहे. आयआयटींच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'एनपीटीईएल'मध्ये ती २५ व ७५ अशी आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्यायांचे गुण धरले जातात. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण, दोन्ही स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. चार आठवडे चुकले तरी विद्यार्थी बाद होत नाही. पण केवळ अखेरच्या परीक्षेच्या बळावर तरताही येत नाही. स्वगतीच्या शिक्षणाला साजेशी सवलत आणि शिस्त यांची ही सांगड उल्लेखनीय आहे.

उपस्थितीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पारंपरिक महाविद्यालयात ७५ टक्के हजेरीची अट परिचित आहे. ऑनलाइन शिक्षणात तिची जागा सहभागाने घेतली. विद्यार्थी दर पंधरवड्यास किमान दोन तास अभ्यासक्रमात सक्रिय असावा आणि संस्थेने त्यावर लक्ष ठेवावे, अशी अपेक्षा विनियमांत आहे. दुसरीकडे, एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास असे गणित आहे. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास हवेत. पंधरवड्याच्या दोन तासांची अट एकाच विषयापुरती मानली, तरी सहा महिन्यांत सुमारे २६ तासच भरतात. उरलेला अभ्यास पुस्तकासमोर, रात्री किंवा प्रवासात होतो आणि तो कोणत्याही संगणकीय नोंदीत उमटत नाही. उलट, चित्रफीत सुरू ठेवून अन्य कामाला लागणारा नोंदीपुरता 'उपस्थित' ठरतो. नोंद तपासता येते, अभ्यास तपासता येत नाही, ही या व्यवस्थेची मूळ मर्यादा आहे.

घरी लिहिलेला स्वाध्याय कोणाचा?

वर्तननियमांची कसोटी आता परीक्षागृहापेक्षा स्वाध्यायात लागत आहे. आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी विनियम केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास प्रबंध सादर करणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. परंतु या टक्केवारीचा रोख मुख्यतः प्रबंध व शोधनिबंधांवर आहे. शिवाय ती आधीच्या मजकुराशी असलेले साम्य मोजते. कृत्रिम बुद्धिमत्तेने नव्याने रचलेले उत्तर कोणाशीच जुळत नाही. परिणामी, ३० टक्के भार असलेल्या अंतर्गत मूल्यमापनाचा पाया डळमळीत होतो. त्यावर उपाय म्हणून सगळा भार सत्रांत परीक्षेवर टाकला, तर वर्षभराच्या अभ्यासाला अर्थ उरत नाही आणि मुक्त शिक्षण हे केवळ परीक्षेचे केंद्र बनते.

मधला मार्ग उपलब्ध आहे. स्वाध्यायावर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा, विद्यार्थ्याच्या कामाशी किंवा परिसराशी जोडलेले प्रश्न, संपर्कसत्रात समक्ष लिहून घेतलेले एखादे उत्तर, अशा उपायांना महागडे तंत्रज्ञान लागत नाही. लागतात ते पुरेसे शिक्षक. आणि नेमकी तीच बाब विद्यार्थिसंख्येच्या मानाने मुक्त विद्यापीठांत तोकडी पडते.

वेगाची मुभा आता सर्वत्र

हा प्रश्न यापुढे मुक्त विद्यापीठांपुरता राहणारा नाही. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात. त्याच वर्षी श्रेयांक पेढीचे विनियम आले. २०२५ च्या विनियमांनी नियमित पदवी ठरल्या मुदतीपेक्षा लवकर किंवा उशिरा पूर्ण करण्याची मुभा दिली. कर्नाटकने मात्र २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीऐवजी पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवालही सादर केला आहे. धोरणे भिन्न असली तरी वेगवेगळ्या गतीने शिकणाऱ्यांची पदवी समान कशी मानायची, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे. सोबत शिकणाऱ्यांशी तुलना करून श्रेणी देणारी सापेक्ष पद्धत येथे कुचकामी ठरते, कारण 'सोबत' असे कोणी नसतेच. ठरलेल्या निकषांवर आधारित निरपेक्ष श्रेणीच न्याय्य ठरते.

मराठी भाषकांसाठी या चर्चेला आणखी एक पैलू आहे. दूरशिक्षणात राज्याची सीमा पाळणे बंधनकारक असल्याने नाशिकचे विद्यापीठ बेळगाव किंवा निपाणीत अभ्यासकेंद्र उघडू शकत नाही. तेथील विद्यार्थ्यासाठी राज्य मुक्त विद्यापीठ म्हणजे म्हैसूरचेच. ऑनलाइन अभ्यासक्रमांना मात्र ही सीमा नाही. त्यामुळे मातृभाषेतील दर्जेदार ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम वाढले, तर सीमाभागातील विद्यार्थ्यांना त्याचा थेट लाभ होईल.

दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. कागदावरील समकक्षता त्यामुळे निर्विवाद झाली. ती नोकरी देणाऱ्याच्या मनात उतरणे मात्र गुणदान, सहभाग आणि वर्तनाचे नियम किती काटेकोरपणे व किती माणुसकीने राबवले जातात, यावर ठरेल. प्रवेश घेणाऱ्यानेही शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात : त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमास आयोगाची मान्यता आहे का, परीक्षा कोण व कोठे घेणार आणि स्वाध्याय कोण तपासणार. म्हैसूरच्या हजारो विद्यार्थ्यांना या प्रश्नांची उत्तरे पदवी हाती आल्यानंतर शोधावी लागली होती.